डाव्या पायाचा निवाडा

लांजेवार मिस्त्रींना जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही गल्लीत कुणी त्यांचं नाव काढतं आणि 'असा सच्चा माणूस आता व्हायचा नाही' म्हणतं, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी गप्प बसतो. एकदोनदा बोललो होतो, तर लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच त्यांचा जुना वैरी. म्हणून लिहितो आहे. लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही.

कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आणि माझं दुकान यांच्यात एक भिंत होती. मी गाड्यांच्या गाद्या शिवतो. सीटची कव्हरं, छताचं कापड, पायाखालच्या चटया. मिस्त्री सगळीच कामं करत, पण त्यांचं नाव होतं ते क्लचसाठी. गियर पडत नाही, गाडी चढावर जोर धरत नाही, सुटताना झटके मारते, असं कुणी सांगितलं की नागपुरात त्या काळी चारजण एकच पत्ता देत. हे सत्तरच्या आसपासचं सांगतो आहे. तेव्हा गाड्या मोजक्या होत्या आणि ज्याच्याकडे गाडी होती, त्याच्याकडे बहुधा ड्रायव्हरही असे.

मिस्त्री उंच, किडकिडीत, आणि कपडे पांढरेशुभ्र. गॅरेजमध्ये पांढरा पायजमा घालणारा माणूस मी तो एकच पाहिला. त्यावर डाग पडत नसे, कारण ते स्वतः गाडीखाली जात नसत. खाली जाई तो जाफर, त्यांच्या हाताखालचा जुना माणूस. मिस्त्री ड्रायव्हरच्या शेजारी बसत, 'चाल, फाटकापर्यंत घे' म्हणत आणि अख्ख्या वाटेत रस्त्याकडे एकदाही पाहत नसत. त्यांची नजर चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर. परत आल्यावर दार उघडून उकिडवे बसायचे आणि क्लचचं पायडल दोन बोटांनी दाबायचे. सुरुवातीचं थोडंसं अंतर पायडल नुसतंच आत जायला हवं, बोटांना जोर लागता कामा नये. याला ते 'रिकामी चाल' म्हणत. चाल फार असली तर क्लच पुरता सुटत नाही आणि गियर खरखरतो. चाल मुळीच नसली तर क्लच कायम थोडा दबलेला राहतो, प्लेट घसरते, घासून जळते. मग हँडब्रेक ओढून, टॉप गियर टाकून ते क्लच सोडायला लावत. इंजिन गचकन बंद पडलं की म्हणत, 'इंजिन मेलं म्हनजे क्लच जिवंत हाय.' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं असेल की भिंतीपलीकडे माझे कारागीरही ते त्यांच्याआधी म्हणून मोकळे होत.

माझी त्यांच्याशी पहिली गाठ पडली तीच भांडणानं. सदरमधल्या एका डॉक्टरांच्या गाडीत मी नव्या चटया घातल्या होत्या. काथ्याच्या, चांगल्या जाड, खाली रबर लावलेल्या. थोड्याच दिवसांत त्या गाडीचा गियर पडेनासा झाला. रिव्हर्स टाकला की डबा घासल्यासारखा आवाज. दोन गॅरेजवाल्यांनी गियरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितलं. मिस्त्रींनी पायडल एकदा खालपर्यंत दाबलं, वाकून पाहिलं आणि जाफरकडे ब्लेड मागितलं. माझ्या चटईचा पायडलखालचा तुकडा कापून ते माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकांच्या देखत तो मशीनवर टाकला.

'बबन, हे तुह्यं. पायडल खालपर्यंत जाऊनच नाही राहिलं, तर क्लच सुटन कसा? डॉक्टरच्या घरी गाद्या शिवून दे. गाडीचं राहू दे.'

दोष त्यांनी बरोबर पकडला होता, वाद नाही. पण चटई नुसती मागं सरकवूनही काम झालं असतं. कापायची गरज नव्हती, आणि मिरवत आणायची तर नव्हतीच. मिस्त्रींचं असंच होतं. सापडलेला दोष चारचौघांत उचलून दाखवल्याशिवाय तो सापडल्याचं समाधान त्यांना मिळत नसे.

याच स्वभावातून त्यांच्या निवाड्यांची पद्धत पडली. क्लचची प्लेट जळली की मालक म्हणे, ड्रायव्हरनं जाळली. ड्रायव्हर म्हणे, मागच्या मिस्त्रीनं नीट लावली नव्हती. मग दोघंही गाडी घेऊन लांजेवारांकडे येत, आणि लांजेवार सांगतील ते दोघांनी मानायचं. प्लेट जळते ती बहुतेक दोन कारणांनी. एक, ड्रायव्हर चालवताना पाय पायडलवर टेकवून ठेवतो आणि त्या ओझ्यानं क्लच थोडा दबलेला राहतो. दुसरं, चाल कमीजास्त करणारा गाडीखालचा नट इतका कसलेला असतो की रिकामी चाल उरत नाही, मग पाय न ठेवताही तोच प्रकार होतो. जळलेली प्लेट हातात घेऊन यातलं कारण कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते फक्त पायडल सांगतं. चाल आहे आणि तरी प्लेट जळली, तर पाय दोषी. चालच नाही, तर नट कसणारा दोषी. म्हणून मिस्त्रींचा एक नियम होता, आणि नियम चांगला होता. जाफर पाना घेऊन खाली जाण्याआधी मालकानं स्वतः, सगळ्यांसमोर, हातानं पायडल दाबून पाहायचं.

त्यानंतर ते ड्रायव्हरला डाव्या पायातली चप्पल काढायला लावत. ती उलटी करून तळ पाहत. पाय टेकवून चालवणाऱ्याच्या तळाला पायडलच्या रबराच्या रेघा उमटतात, असं त्यांचं म्हणणं. मला हा भाग निव्वळ नाटकाचा वाटे. पण त्याला गर्दी जमे. शेजारच्या टायरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे येऊन उभे राहत. मधोमध एका पायानं अनवाणी उभा असलेला ड्रायव्हर, मान खाली. सखाराम म्हणून एक म्हातारा ड्रायव्हर होता, त्याची नोकरी अशीच गेली. तो मिस्त्रींना हात जोडून म्हणाला, 'या वयात मले कोन ठेवन?' मिस्त्री म्हणाले, 'मी गाडीचं सांगतो गा. मानसाचं नाही सांगत.' आणि हात धुवायला गेले.

पण एकदा त्यांनी एका बड्या इंजिनियर साहेबालाही बूट काढायला लावला होता. साहेब रविवारी स्वतः गाडी चालवत असत, हे बोलण्यात निघालं. 'ज्यानं चालवली त्यानं काढाचा,' मिस्त्री म्हणाले. साहेब लाल झाले, पण काढला. त्या दिवसापासून ड्रायव्हर लोक त्यांना देव मानायला लागले. लांजेवार कुणालाच सोडत नाही, एवढं नाव शहरभर झालं, आणि त्या नावापुढे मिस्त्रींना दुसरं काही दिसेनासं झालं. हा माझा तर्क नाही, रोज शेजारी बसून पाहिलेली गोष्ट आहे.

त्यांना एकच मुलगी, शालू. लहानपणापासून बापाचा जेवणाचा डबा घेऊन येई आणि डबा उघडला जाईपर्यंत उभ्या असलेल्या गाड्यांची पायडलं हातानं दाबून पाहत बसे. 'हिची चाल कमी हाय बाबा,' म्हणे, आणि बहुतेक वेळा बरोबर निघे. मिस्त्री तेव्हा मला हाक मारून सांगत. दुसऱ्या कशाचं कौतुक त्यांनी मला हाक मारून सांगितल्याचं आठवत नाही.

तिच्यासाठी स्थळ पाहिलं, तेही त्यांच्या पद्धतीनं. मधुकर हा उमरेडकडच्या एका शेतकरी घरातला मुलगा, धरमपेठेतल्या एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर. मंडळी पोहे खात बसली होती, तर मिस्त्री मुलाला म्हणाले, 'चाला, जरा फिरून येऊ.' त्याला एका जीपमध्ये बसवून थेट सेमिनरी हिल्सवर नेलं आणि भर चढावर गाडी थांबवायला लावली. मग म्हणाले, 'आता उचला.' मधुकरनं गाडी अशी उचलली की बोटभर मागं आली नाही. परत आल्यावर मिस्त्रींनी पत्रिका विचारली नाही की शेती विचारली नाही. बायकोला एवढंच म्हणाले, 'पाय चांगला हाय पोराचा.' लग्न झालं. मांडवात मिस्त्रींनी जावयाचे पाय धुतले तेव्हा मी पलीकडेच उभा होतो. डावा पाय धुताना ते हसले. कुणाला कळलं नसेल, मला कळलं. त्यांना तेव्हा खरंच आनंद झाला होता, आणि मलाही त्यांच्याबद्दल, त्या एका दिवशी, बरं वाटलं होतं.

सुभद्रावहिनी, त्यांची बायको, फार बोलत नसत. एकदा माझ्याकडे उशांना खोळी शिवायला आल्या असताना भिंतीपलीकडून मिस्त्रींचा आवाज ऐकू आला. कुणाला तरी चाल समजावून सांगत होते, की थोडी ढील असल्याशिवाय कोणताच क्लच टिकत नाही. वहिनी खोळीची घडी घालत म्हणाल्या, 'गाडीले देते तेवढी ढील घरच्याईले दिली असती, तर सोनं झालं असतं, भाऊ.' आणि गेल्या.

आता मुख्य गोष्ट. वकीलसाहेबांच्या गाडीची प्लेट संपली होती, ती मिस्त्रींनी नवी टाकली. नवी प्लेट थोडी वापरली की बसते आणि रिकामी चाल कमी होते. म्हणून गाडी आठवड्याभरात परत आणून नट पुन्हा पाहून घ्यावा लागतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला मिस्त्री हे बजावून सांगत. मधुकर त्याप्रमाणे गाडी घेऊन आला. मी ओट्यावर होतो. तो म्हणाला, 'मामाजी, चाल उरली नाही वाटते. नट जरा पाहून घेता का?' मिस्त्रींपुढे तेव्हा दोन मालक बसले होते. जावयानं त्यांच्या देखत त्यांच्या कामात उणं काढलं, हे त्यांना सहन झालं नाही.

'मी लावलेला क्लच हाय तो. तुमी मले शिकवून राहिले का? जा, साहेबाची वेळ झाली असन.'

पायडलला हातसुद्धा लावला नाही. मधुकर गाडी घेऊन निघून गेला.

व्हायचं ते झालं. वकीलसाहेब एका महत्त्वाच्या कामाला वर्ध्याला निघाले असताना गाडीनं वाटेत दगा दिला. इंजिन गुरगुरतंय, गाडी पुढं सरकत नाही, आणि जळका वास. साहेबांचं काम बुडालं. दोन दिवसांनी ते गाडी ओढून घेऊन आले, बरोबर मधुकर. साहेब उतरतानाच म्हणाले, 'मिस्त्री, एक तर तुमचं काम कच्चं, नाहीतर तुमच्या जावयाचा पाय. काय ते तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दावर मी काही बोलणार नाही.'

गल्ली पाच मिनिटांत भरली. एवढी गर्दी मी कोणत्याच निवाड्याला पाहिली नव्हती. शालू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, दिवस भरत आले होते, आणि नेमकी डबा घेऊन गॅरेजमध्ये आलेली. नवऱ्याला पाहून ती गाडीजवळ गेली, दोन शब्द बोलली, आणि बोलता बोलता लहानपणच्या सवयीनं वाकून पायडल दाबलं. मग हात काढून घेतला आणि उभी राहिली.

मिस्त्री आले. दोन बोटांनी पायडल दाबलं. बोटं तशीच ठेवून ते थोडा वेळ उकिडवे बसून राहिले. त्यानंतर मालकाला बोलवायचं, तर उठून म्हणाले, 'जाफर, पाना दे,' आणि त्या पांढऱ्या पायजम्यात स्वतः गाडीखाली गेले. ते बाहेर आले तेव्हा पायजम्याच्या गुडघ्यांना काळं लागलं होतं.

'साहेब, आता दाबून पाहा. रिकामी चाल हाय का नाही?'

वकीलसाहेबांनी दाबलं. 'आहे.'

मी पुढे झालो. म्हटलं, 'मिस्त्री, जवाई गाडी दाखवायला घेऊन आले होते. माझ्यासमोर तुम्ही परत पाठवलं.' मिस्त्री माझ्याकडे न पाहता म्हणाले, 'बबन, तू गादीचं पाह्य.' वकीलसाहेब हसले. लोकही हसले. गादी शिवणाऱ्याला क्लचमधलं काय कळतं, हे साऱ्यांना पटण्यासारखंच होतं.

मग मिस्त्री जावयाकडे वळले. 'चप्पल काढा.'

मधुकर ऐकू न आल्यासारखा उभा राहिला. 'मामाजी, घरी बोलू.' मिस्त्री पुन्हा म्हणाले, 'चप्पल काढा.' ज्या पायांवर त्यांनी मांडवात पाणी घातलं होतं, त्यातला एक पाय भर गल्लीत तेलकट मातीवर उघडा पडला. मिस्त्रींनी चप्पल उलटी केली, धड पाहिलीही नाही, आणि म्हणाले, 'पाय ठेवून चालवते. पायाचा दोष.'

साहेबांनी मधुकरला तिथंच कामावरून काढलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, 'पाहा बावा, सख्ख्या जवायालेही सोडलं नाही.' मिस्त्री हात धुवायला गेले. नळापाशी शालू येऊन उभी राहिली. तिचा आवाज मला भिंतीच्या टोकाशी स्पष्ट ऐकू आला.

'बाबा, तुमी खाली जायच्या आधी मी पायडल दाबलं होतं. चाल नव्हती. नट किती फिरवला तुमी?'

मिस्त्रींनी साबण लावला, हात चोळले, पाणी घेतलं. 'तू घरी जाय. ऊन हाय.'

ती घरी गेली नाही. माझ्या दुकानाच्या सावलीत बसली, मधुकर आला तसा त्याच्याबरोबर एस.टी. स्टँडवर गेली. तशा अवस्थेत, अंगावरच्या लुगड्यानिशी. बाळंतपण सासरी झालं. मुलगा झाल्याची बातमी वहिनींना एका भाजीवालीकडून कळली.

यापुढचं सांगताना माझं तोंड कडू होतं. त्या खोट्या निवाड्यानं मिस्त्रींचं नाव खाली गेलं नाही, वर गेलं. गॅरेज मोठं झालं. वकीलसाहेबांनी ही गोष्ट कोर्टात चहा पिताना कुणाकुणाला सांगितली, त्यांनी आणखी लोकांना. हिंगण्याच्या कारखान्यांतले साहेब गाड्या घेऊन यायला लागले आणि येताना म्हणत, 'तुम्हीच ना ते, ज्यांनी जावयालाही सोडलं नाही?' मिस्त्री काहीच म्हणत नसत. चप्पल मात्र त्यांनी पुन्हा कुणाला काढायला लावली नाही. लोकांना वाटलं, वय झालं. मधुकरचं नाव शहरभर झालं ते वेगळ्या अर्थानं. लांजेवारनं स्वतः ज्याचा पाय खराब सांगितला, त्याच्या हाती गाडी कोण देणार? तो गावी बापाच्या शेतात राबायला लागला, आणि त्याला त्या कामाची ना सवय होती ना आवड.

वहिनींनी नवऱ्याला एकदा जबरदस्तीनं तिकडे नेलं. तिथं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. मधुकरनं पाणी दिलं, खाट टाकली. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, 'चूक झाली माह्यी.' मूल आत निजवून शालू दारात उभी होती. ती म्हणाली, 'इथी कोन ऐकून राहिलं बाबा? ह्यायची इज्जत तुमी गल्लीत घेतली, गल्लीतच वापस करा. दोष नटाचा होता, पायाचा नाही, एवढंच म्हनाचं हाय. त्या दिवशी मी पोराले घेऊन येतो तुमच्या घरी.' मिस्त्री 'बरं' म्हणाले आणि परतले.

एक वाक्य होतं. त्यासाठी त्यांना कितीतरी वर्षं लागली. कधीकधी ते माझ्या ओट्यावर येऊन बसत, समोर चार ड्रायव्हर उभे असत, मिस्त्री घसा साफ करत आणि मग चहा सांगत. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला राग यायचा. वहिनी वाट पाहत थकल्या, आजारी पडल्या आणि गेल्या. शालू आणि मधुकर घाटावर आले, तिथूनच परत गेले. नातू बरोबर होता. आजोबांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिथं, लांबून.

त्या वर्षीच्या दसऱ्याला गॅरेजमध्ये नेहमीसारखी हत्यारांची पूजा होती. पाने, जॅक, हातोड्या धुऊनपुसून मांडलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या गल्लीभर उभ्या. जुने सगळे मालक, ड्रायव्हर आपट्याची पानं द्यायला आलेले. वकीलसाहेबही होते, आता केस पांढरे झालेले. मिस्त्री पूजेवरून उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जावा असा.

'साहेब, त्या दिवशी मधुकरचा पाय चांगला होता. चाल नव्हती, नट कसलेला होता. मी खाली जाऊन ढिला केला, मग तुमाले दाबाले सांगतलं. दोष माहा होता. मी खोटं बोललो.'

वकीलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 'मिस्त्री, वहिनी गेल्या, मुलगी जवळ नाही. मी समजू शकतो. पण मुलीसाठी स्वतःचं नाव कशाला खराब करता?'

'साहेब, मी खरं सांगून राहिलो.'

'हो, हो,' साहेब म्हणाले, लहान मुलाला म्हणावं तसं. 'बसा तुम्ही.'

मिस्त्रींनी जाफरकडे पाहिलं. 'जाफर, तू सांग यायले.' जाफर गोंधळून म्हणाला, 'उस्ताद, मैं तो उस दिन नीचे गया ही नहीं.' मी म्हणालो, 'ते खरं सांगताहेत. मी तेव्हाही सांगितलं होतं.' टायरवाला म्हणाला, 'बबनभाऊ, तुमी शेजारी. तुमी म्हनानच.' एक ड्रायव्हर डोळे पुसत दुसऱ्याला म्हणाला, 'याले म्हनते बाप. जवायाचा दोष सोताच्या डोक्यावर घेऊन राहिला.' मग वकीलसाहेबांनी मिस्त्रींच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि त्यांच्या पाया पडले. त्यांचं पाहून बाकीचेही पडायला लागले. मिस्त्री 'नका, नका' म्हणत मागं सरत होते, आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. 'बबन, तू जाऊन सांग शालूले. मी बोललो म्हनून. माह्यावर इश्वास नाही ठेवाची, तुह्यावर ठेवन.' मी गेलो. मला जायचं नव्हतं, पण वहिनींची आठवण झाली.

शालूनं चहा केला. मधुकर शेतातून येऊन खाटेच्या कडेला टेकला. मी सगळं सांगितलं, मिस्त्रींचे शब्द जसेच्या तसे. शालूचे डोळे भरून आले. तिनं पदरानं पुसले आणि विचारलं, 'मंग लोक काय म्हनले, काका?'

मला खोटं सांगता आलं असतं. पण तिच्या घरात तो प्रकार पुरेसा झाला होता. म्हटलं, 'लोकांना खरं वाटलं नाही. जावयासाठी स्वतःवर घेतलं म्हणाले. पाया पडले त्यांच्या.'

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मधुकर मातीकडे पाहत होता.

'म्हनजे पाय अजून ह्यायचाच खराब,' ती म्हणाली, 'आनि बाबा अजून मोठे झाले.' मग कप उचलून आत गेली. मधुकर मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. 'जाऊ द्या काका, म्हातारे झाले ते,' एवढंच बोलला.

संध्याकाळी नागपूरच्या स्टँडवर उतरलो, तर मिस्त्री तिथं उभे. दुपारपासून उभे असावेत. 'येते का?' त्यांनी विचारलं. मी शालूचं वाक्य त्यांना होतं तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, 'पोरगं कोनावर गेलं?' मी म्हणालो, 'तुमच्यावर. उंच आहे.'

आम्ही बाहेर आलो. एका टॅक्सीवाल्यानं त्यांना ओळखलं, धावत आला, दार उघडलं. 'मिस्त्री, बसा, घरी सोडतो. तुमच्याकडून भाडं घेन का मी?' मिस्त्री नको म्हणत होते. आत आधीच दोन सवारी बसल्या होत्या, त्यांना सरकायला सांगून तो म्हणाला, 'हे लांजेवार मिस्त्री. सख्ख्या जवायालेही सोडलं नाही ह्यायनं.' आतल्या एकानं हात जोडले. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ते टॅक्सीत बसले.